तीन कोटेशनं, मालक दोनच

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. पंपाच्या बॉडीचं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी माल, चौदा वर्षं एकाच फाउंड्रीतून घेत होतो. दर एप्रिलला रेट ठरायचा, तोही चहा पिता पिता.

फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, पिग आयर्न, म्हणजे ओतकामाचं कच्चं लोखंड, भडकलं. फाउंड्रीवाल्यानं किलोमागं 9 रुपये वाढवले. तेव्हा ते रास्त होतं. मे महिन्यात केंद्रानं पिग आयर्नवर 15 टक्के निर्यात शुल्क लावलं, भाव उतरले. माझा रेट मात्र तिथंच. महिन्याला 6 टन माल. हिशेब तुम्हीच करा.

एप्रिल 2023 ला करार नव्यानं करताना विषय काढला, तर म्हणाला, "अण्णा, बाहेर विचारून बघा की. नाहीतर मीच कोटेशनं मागवून देतो, तुम्ही कशाला हेलपाटे मारतासा?" आठवड्यात दोन हजर. एक इथलं, एक कोल्हापूरचं, दोन्ही त्याच्यापेक्षा महाग. मी खुशीत सही केली.

जुलैत भाचा फायली लावत बसला होता. म्हणाला, "मामा, हे बघा." कोल्हापूरवाल्याचा जीएसटी नंबर 27 नं सुरू होणारा, आमच्या फाउंड्रीचा 29 नं, पण पुढची दहा अक्षरं तीच! पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. म्हणजे माणूस एकच. इथल्या कोटेशनवर तर नंबरच नव्हता. रोज बिलं फाडणारा मी, तो नंबर कधी वाचलाच नव्हता. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की मालकाचं नाव दिसतं, लॉगिनही लागत नाही.

मग स्वतः कोल्हापूरजवळ शिरोलीला, तिथल्या फाउंड्र्यांत गेलो. लोखंडाची प्रत एफजी 260, फेटलिंगसह (म्हणजे माल घासून साफ करून), बेळगाव पोच, असं एकाच कागदावर लिहून चौघांना दिलं. नाहीतर एकजण भाडं धरून सांगतो, दुसरा न धरता. सगळ्यात कमी रेट, भाडं धरूनही, किलोला 7 रुपयांनी खाली आला.

खरी मेख पुढं होती. साचा ज्यावरून घेतात ते पाचही पॅटर्न माझ्या पैशाचे, पण जुन्या फाउंड्रीवाल्याच्या शेडमध्ये. चलन नाही, पावती नाही. मागायची लाज वाटत आली. तीन दिले. उरलेल्या दोन पॅटर्नचं विचारलं तर शांतपणे म्हणाला, "अण्णा, तुमच्या नावाचा कागद दाखवा की."

ते दोन नव्यानं करून घेतले. त्यांवर आमचं नाव पंचानं ठोकलंय.