सुट्या भागांची नोंद: वही, स्प्रेडशीट की सामायिक यादी?

जुनी गाडी पूर्ण उघडली की शेकडो लहानमोठे भाग सुटे होतात, आणि पुढे कित्येक महिने, क्वचित वर्षे, त्यांतला प्रत्येक भाग कुठे ठेवला आहे, कोणत्या स्थितीत आहे आणि मुळात तो कोणत्या गाडीवरून उतरवला, हे सांभाळावे लागते. वही व चिठ्ठ्या, स्वतःची स्प्रेडशीट आणि अनेकांची मिळून सामायिक यादी अशा तीन मार्गांतून निवड करायची असल्यास शेवटचा प्रश्न, म्हणजे भागाचे मूळ, कोणता मार्ग नीट जपतो, हे मी सर्वप्रथम पाहीन.

वहीचे बलस्थान म्हणजे ती तेलकट हातांनीही लिहिता येते आणि भागाला तारेने बांधलेली चिठ्ठी भागाबरोबरच राहते. (चिठ्ठीवर पेन्सिलने लिहावे, पेनाची शाई रॉकेलमध्ये विरघळते.) मात्र शे-दोनशे नोंदी झाल्यावर एखादा भाग शोधायला पाने चाळत बसावे लागते. शिवाय भाग प्लेटिंगला (धातूचा मुलामा द्यायला) पाठवताना चिठ्ठी काढली जाते आणि परत येताना सगळे बोल्ट एकाच पिशवीत येतात. म्हणून पाठवण्यापूर्वी चिठ्ठीसकट छायाचित्र काढून नग मोजून लिहावेत.

स्प्रेडशीटमध्ये शोध आणि वर्गवारी क्षणात होते, पण भाग क्रमांकांच्या बाबतीत ती फसवी ठरू शकते. बॉश या सुटे भाग बनवणाऱ्या जर्मन कंपनीचे अनेक दहा अंकी क्रमांक शून्याने सुरू होतात आणि रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवला नसेल, तर तो शून्य गुपचूप गळतो. ‘१०-१२’ असा क्रमांक तारीख बनून बसतो. ही काळजी घेतली, तर एकट्याने एकच गाडी उभी करणाऱ्याला चिठ्ठ्या आणि स्प्रेडशीट यांची जोडी पुरेशी आहे, असे माझे मत आहे.

सामायिक यादीचा विचार एकाच मॉडेलच्या तीन-चार मालकांनी करावा. मात्र तिथे नुसते ‘अमुक गाडीचा भाग, चांगला आहे’ असे लिहून भागत नाही. उदाहरणार्थ, एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी १९६२ ते १९८० या काळात तयार झाली. १९६४ मध्ये तिच्या इंजिनातील मेन बेअरिंग (क्रँकशाफ्ट या मुख्य फिरत्या दांड्याचे आधार) तीनऐवजी पाच झाले, त्यामुळे त्याआधीचा क्रँकशाफ्ट नंतरच्या ब्लॉकमध्ये बसत नाही. १९६७ मध्ये वीज तयार करणाऱ्या डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला आणि पॉझिटिव्ह अर्थिंग (बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणे) बदलून निगेटिव्ह झाले. अशा गाडीच्या नोंदीत इंजिन क्रमांक आणि वर्ष नसेल, तर ती नोंद दुसऱ्याच्या काहीच उपयोगाची नाही. उलट फोक्सवॅगन बीटलचा भाग क्रमांक स्वतःच बरेच सांगतो: पहिले तीन अंक भाग मुळात कोणत्या प्रकारच्या गाडीसाठी आखला गेला ते दाखवतात, मधल्या तिघांतील पहिला अंक विभाग दाखवतो (१ म्हणजे इंजिन, ९ म्हणजे विद्युत) आणि शेवटी अक्षर असल्यास ते सुधारित आवृत्तीचे असते. त्यामुळे बीटलवाल्यांची यादी कमी रकान्यांत चालते. कोणत्याही कंपनीच्या बाबतीत जुना क्रमांक रद्द होऊन त्याच्या जागी नवा येऊ शकतो. म्हणून दोन्हींना वेगळे रकाने ठेवावेत, अन्यथा एकच भाग दोन नावांनी फिरत राहतो.

सामायिक यादीची खरी दुखरी जागा म्हणजे शिळ्या नोंदी. भाग केव्हाच कुणाच्या तरी गाडीत बसलेला असतो आणि यादीत मात्र तो ‘उपलब्ध’ दिसतो. त्यामुळे प्रत्येक नोंदीसमोर भाग शेवटचा प्रत्यक्ष पाहिल्याची तारीख असावी आणि बदल करण्याचे काम एकाच व्यक्तीकडे असावे. त्या जबाबदारीला कोणी तयार नसेल, तर प्रत्येकाने आपापली स्प्रेडशीट ठेवून मागणीपुरती एकमेकांना दाखवणे अधिक बरे.

काही वस्तू सामायिक यादीत घालूच नयेत. गाडीच्या मूळ क्रमांकाचा इंजिन ब्लॉक तडकलेला असला तरी तो त्याच गाडीबरोबर ठेवावा, आणि ब्रेकचे रबरी कप वापरलेले नसले तरी वयाने कडक होतात, म्हणून जुन्या साठ्यातले कप कोणालाही देऊ नयेत. जुळ्या एसयू कार्बोरेटरांची (इंजिनाला हवा आणि पेट्रोलचे मिश्रण पुरवणाऱ्या एसयू कंपनीच्या भागांची) नोंद मात्र जोडी म्हणून एकाच ओळीत करावी. दोन वेगळ्या ओळी केल्या की त्यांतला एक कोणीतरी मागून नेतो आणि उरलेल्याला जुळणारा जोडीदार शोधण्याची वेळ येते.