नागपूर–न्हावा शेवा कंटेनर रेल्वेसेवा: जड मालाला सरस, घाईच्या मालाला जपून

नागपूरच्या कंटेनर डेपोतून न्हावा शेवा बंदरापर्यंत रेल्वेचं अंतर साधारण साडेआठशे किलोमीटर. तांदूळ, लोखंड, फेरो-अलॉय (लोखंडाचे मिश्रधातू) असा वजनदार माल असेल तर ट्रेलरचा विचार न करता रेल्वेच घ्यावी. सूत किंवा तयार कपड्यांसारखा हलका माल असेल आणि जहाज चार दिवसांवर आलेलं असेल, तर ही सेवा घेऊ नये. कारण सर्वांत जास्त वेळ खातात ती दोन टोकं: डेपोत रेक, म्हणजे वॅगनची अख्खी गाडी, भरेपर्यंतची वाट आणि बंदरात आपला डबा (कंटेनर) योग्य टर्मिनलला, म्हणजे त्याचं जहाज लागणाऱ्या धक्क्याला, लागेपर्यंतची वाट.

एका रेकमध्ये कंटेनर वाहणाऱ्या ४५ सपाट ‘बीएलसी’ वॅगन, म्हणजे पाच-पाच वॅगनचे नऊ संच. त्यावर वीस फुटी ९० डबे बसतात. वॅगनची क्षमता ६१ टन, त्यामुळे ३०.४८ टनांपर्यंतचे दोन डबे एका वॅगनवर चालतात. वीस फुटी डब्यात २५-२६ टन तांदूळ भरणाऱ्याला रेल्वे परवडते ती यामुळेच. पण ९० डबे जमेपर्यंत गाडी शक्यतो हलत नाही. हंगामात ते पटकन जमतात, एरवी तुमचा भरलेला डबा इतरांची वाट बघत यार्डात उभा राहतो.

कस्टम्सचं काम नागपुरातच उरकतं, ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू. लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल देशाबाहेर न्यायची कस्टम्सची परवानगी, इथेच मिळते आणि सील शाबूत असेल तर बंदरात डबा सहसा पुन्हा उघडला जात नाही. मात्र सीलचा एक आकडा शिपिंग बिलात (निर्यातीच्या कस्टम्स कागदात) चुकला, तरी डबा अडकतो. दाराशी उभं राहून सीलवरचा नंबर वाचा आणि कागदाशी ताडून पाहा. १ जुलै २०१६ पासून सक्तीच्या झालेल्या व्हीजीएममध्येही (भरलेल्या डब्याच्या पडताळलेल्या एकूण वजनात) अशीच चूक होते: पोत्यांच्या वजनाची बेरीज होते, पण लाकडी पॅलेट, दोर आणि दारावर लिहिलेलं रिकाम्या डब्याचं वजन धरायचं राहून जातं.

भरण्याआधी एका माणसाला डब्यात पाठवून दारं लावून घ्या. छताला किंवा कोपऱ्याला सुईएवढा उजेड दिसला तरी तो डबा परत करा. तांदळाला पावसाळ्यात तेवढं भोक पुरतं. रेल्वेत धक्का मुख्यतः लांबीच्या दिशेने बसतो, म्हणून शेवटची थप्पी आणि दार यांतली मोकळी जागा लाकडाने किंवा एअरबॅगने घट्ट भरा. नाहीतर बंदरात दार उघडताच पोती अंगावर येतात.

आता वाटेतला अडथळा. इगतपुरी ते कसारा घाटाचा चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर अंतरात एक मीटर. उतरताना भरलेल्या गाडीचे ब्रेक तपासावे लागतात आणि परतीच्या गाडीला कसाऱ्याहून मागून ढकलणारी बँकर इंजिनं जोडावी लागतात. खाली कल्याण–दिवा पट्ट्यात सकाळ-संध्याकाळ लोकलच्या गर्दीत मालगाडीला थांबून राहावं लागतं. म्हणजे नागपुरात रेक उशिरा मिळण्याचं मूळ पुष्कळदा कसाऱ्यात सापडतं: रिकामे डबे आणि वॅगन वर यायलाच वेळ लागतो.

दिल्लीजवळच्या दादरीपासून जेएनपीटीपर्यंतचा (म्हणजे न्हावा शेवापर्यंतचा) हा १,५०६ किलोमीटरचा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग याच बंदरासाठी आहे. त्याची रचना २५ टन ॲक्सल-लोड (चाकांच्या एका जोडीवरचा भार), दीड किलोमीटर लांबीची गाडी आणि डब्यावर डबा यासाठी केलेली आहे. उत्तरेकडच्या निर्यातदारांना तो वरदान आहे. विदर्भाची गाडी मात्र त्यावरून येत नाही. घाटातल्या जुन्या विजेच्या तारांखालून दुहेरी थर जात नाही, त्यामुळे आपल्याला फायदा होईल तो आडून, वसई–दिवा बाजूची गर्दी कमी झाली तर. मनमाड–कसारा टापूत सोपा चढ आणि वेगळी मार्गिका मिळेपर्यंत नागपूर-वर्ध्याला कितीही सुंदर ड्राय पोर्ट (समुद्रापासून दूरची कोरडी बंदरं) बांधले, तरी गाडी घाटात अडणारच. हे पोटतिडकीने सांगावंसं वाटतं, कारण मालाचा पैसा त्या वाटेवर अडकून पडतो.

बंदरात पोहोचल्यावरचा प्रश्न वेगळा. न्हावा शेव्यात अनेक टर्मिनल आहेत. वेगवेगळ्या टर्मिनलचे डबे असलेला मिश्र रेक असेल तर काही डबे उतरून ट्रेलरने दुसऱ्या टर्मिनलला न्यावे लागतात आणि कट-ऑफ, म्हणजे जहाजासाठी डबा घेण्याची शेवटची वेळ, हुकतो तो बहुधा इथेच. एका टर्मिनलचा रेक मिळत असेल तर दोन दिवस थांबूनही तोच घ्यावा.

डेपोशी बोलताना फक्त दर विचारू नका. आपल्या जहाज कंपनीचे धान्यायोग्य रिकामे डबे आज यार्डात किती आहेत, पुढचा रेक कुठल्या टर्मिनलचा आहे, त्यात आजवर किती डबे भरले आणि गेल्या तीन रेकना सुटण्यापासून उतरण्यापर्यंत किती तास लागले, ही चार उत्तरं घ्या. मग जहाजाच्या कट-ऑफपासून उलटे दिवस मोजा आणि त्यात दोन दिवस जास्तीचे धरा.