चेटकिणीचा वानोळा : एइको कादोनो यांची ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’

मराठी घरात वाढलेल्या मुलाला ‘चेटकीण’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची. दिलीप प्रभावळकर यांनी रंगवलेली आणि पुढे वैभव मांगले यांनी नव्या प्रेक्षकांपुढे उभी केलेली ही चेटकीण भीतीही दाखवते आणि हसवतेही, पण तिच्या शेजारी बिऱ्हाड करावे असे काही कोणाला वाटत नाही. जपानी लेखिका एइको कादोनो यांच्या ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ या कादंबरीची नायिका मात्र तेरा वर्षांची चेटकीण आहे, आणि तिची सारी धडपड आपल्याला कोणीतरी शेजारीण म्हणून जवळ करावे यासाठीच चालली आहे. गेल्या हिवाळ्यात हे पुस्तक मी माझ्या दहा वर्षांच्या मुलीला रोज रात्री वाचून दाखवले. मूळ जपानी मला येत नाही. माझ्या हाती होता तो एमिली बॅलिस्ट्रिएरी यांनी केलेला, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद, आणि त्यावरून मी वाचता वाचताच मराठी करून सांगत होते.

मुलीला देण्याआधी मी ते एकदा स्वतः वाचले, आणि त्याला कारण होते. आपल्याकडे चेटूक हा शब्द फक्त गोष्टींतला नाही. नंदुरबारसारख्या जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर बाईला डाकीण ठरवून तिचा छळ झाल्याच्या घटना घडत आलेल्या आहेत, आणि जादूटोण्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१३ मध्ये कायदा करावा लागला. असा इतिहास असलेला शब्द खेळण्यासारखा मुलांच्या हाती द्यावा का, हा प्रश्न मला पडला होता. पुस्तक वाचल्यावर तो मिटला, कारण कादोनो यांनी तो टाळलेलाच नाही. किकी समुद्रकाठच्या कोरिको नावाच्या मोठ्या शहरात उतरते तेव्हा लोक तिच्याकडे कौतुकाने पाहत नाहीत. ते दबकून असतात, बाजूला होतात. चेटकिणीच्या हातून सामान पाठवले तर ती त्याला काही करणी तर करणार नाही ना, असे त्यांच्या मनात येते. एखाद्या मुलीविषयी काहीही माहीत नसताना गाव तिच्याविषयी मत कसे बनवते आणि ते मत बदलायला किती दिवस लागतात, हे सांगणारे मुलांचे पुस्तक मला आपल्याकडे विशेष मोलाचे वाटते.

मूळ कादंबरी १९८५ मध्ये आली. कादोनो यांचा जन्म टोकियोतला, १९३५ चा. विशीत त्या ब्राझीलला गेल्या आणि दोन वर्षे तिथे राहिल्या. अनोळखी भाषेच्या गावात नव्याने राहू लागण्याचा तो अनुभव किकीच्या पहिल्या दिवसांमागे असावा, असे वाचताना सतत जाणवते. कथेचे बीज मात्र घरातच मिळाले. त्यांच्या मुलीने लहानपणी रेडिओ ऐकत उडणाऱ्या चेटकिणीचे चित्र काढले होते, आणि पुस्तकातल्या किकीच्या झाडूला लटकलेला लाल रेडिओ त्याच चित्रातून आला आहे. २०१८ मध्ये कादोनो यांना बालसाहित्याचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला.

या पुस्तकात जादू किती कमी आहे, हे पालकांना आधीच सांगितलेले बरे. किकीच्या आईला, कोकिरीला, फक्त दोन विद्या येतात. एक झाडूवर बसून उडण्याची आणि दुसरी शिंकांवरचे औषध करण्याची. त्यातली उडण्याची तेवढी किकी शिकली आहे, औषधाच्या बाबतीत तिला धीर नाही. वडील ओकिनो हे साधे गृहस्थ, चेटकिणी आणि पऱ्या यांच्या लोककथांचे अभ्यासक. पूर्वीच्या चेटकिणींकडे पुष्कळ विद्या होत्या, त्या पिढ्यान्पिढ्या कमी होत गेल्या. त्याचे एक कारण पहिल्याच प्रकरणात येते. खरा मिट्ट काळोख आणि खरी शांतता आता कुठे उरलेली नाही. एवढे सांगून लेखिका पुढे जाते, पण त्या रात्री आमचे वाचन तिथेच थांबले. मुलगी उठून गॅलरीत गेली. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचा दिवा, रस्त्यावरचे पिवळे दिवे, मेट्रोच्या कामावरचा प्रखर झोत. ती परत आली आणि म्हणाली, “आई, आपल्याकडे तर एकही चेटकीण टिकणार नाही.”

ब्रिटिश धाटणीच्या कथांमधून चेटकिणींच्या शाळा, मंत्रांचे तास आणि परीक्षा आपल्या मुलांना सरावाच्या झाल्या आहेत. इथे शाळा नाही, खलनायक नाही, जगावर येणारे संकट नाही. चेटकिणीची मुलगी दहा वर्षांची झाली की आपल्याला हा वारसा पुढे चालवायचा आहे का, हे तिने ठरवायचे. होकार दिला तर तेराव्या वर्षी पौर्णिमेच्या रात्री घर सोडायचे, जिथे चेटकीण नाही असे गाव शोधायचे आणि तिथे एक वर्ष आपल्या विद्येवर पोट भरायचे. निघण्याच्या रात्रीचे प्रकरण फार सुंदर उतरले आहे. किकीने स्वतःसाठी सडपातळ, नवा झाडू केला आहे, आई मात्र वापरून मऊ झालेला आपला जुना झाडू तिच्या हाती देते. किकीला कॉसमॉसच्या फुलांच्या रंगाचा झगा हवा आहे, आई म्हणते चेटकिणीने काळाच घालायचा. लेक दूर जाणार आहे हे दोघींनाही ठाऊक आहे, आणि म्हणूनच दोघी झाडू आणि झग्यावरून वाद घालत बसल्या आहेत. ज्या आईने मुलीला वसतिगृहात पाठवताना स्टीलच्या डब्यावरून हुज्जत घातली असेल, तिला या पानांवर काही समजावून सांगावे लागणार नाही.

कोरिकोमध्ये पाव-बिस्किटांच्या दुकानाची मालकीण ओसोनो दिवसात गेलेली आहे. दुकानात कोणा गिऱ्हाइकाच्या बाळाची चोखणी राहून जाते, ती किकी उडत जाऊन पोहोचवते, आणि ओसोनो तिला पिठाच्या कोठीत राहायला जागा देते. त्या पांढऱ्या धुळीच्या खोलीत किकी सामान पोहोचवण्याचा धंदा सुरू करते. इथून पुढचे प्रत्येक प्रकरण म्हणजे एक गिऱ्हाईक आणि एक वस्तू.

हा धंदा चालतो कसा, यात पुस्तकाचा खरा प्राण आहे. किकी पैशांचा दर ठरवत नाही. ज्याला जे जमेल त्याने आपल्याकडचे थोडे तिला द्यावे, अशी रीत आहे. जपानीत याला ‘ओसुसोवाके’ म्हणतात. ‘सुसो’ म्हणजे वस्त्राचा खालचा काठ, आणि आपल्याला मिळालेल्यातला काठाएवढा वाटा दुसऱ्याला देणे म्हणजे ओसुसोवाके. वाचून दाखवताना मी इथे अडले. मोबदला म्हणावे तर त्यात हिशेब येतो, भेट म्हणावे तर त्यात समारंभ येतो, आणि दान तर मुळीच नव्हे. त्याच आठवड्यात माझ्या सासूबाईंनी जुन्नरहून एसटीने पिशवी पाठवली होती, आणि मुलगी अंथरुणावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती. ती सहज म्हणाली, “म्हणजे आजीच्या वानोळ्यासारखं.” तोच तो शब्द होता. शेतात नवे काही आले की आधी शेजारी-सोयऱ्यांकडे थोडे पाठवायचे, आणि ज्या डब्यातून ते आले तो डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपल्याकडची चाल आणि किकीचा धंदा यांची जात एकच आहे. त्यानंतर संपूर्ण पुस्तकभर आम्ही ‘वानोळा’ हाच शब्द वापरला आणि तो कुठेही खटकला नाही.

एकदा हे ध्यानात आले की पुस्तकातली जादूही वेगळी दिसू लागते. उडता येणे ही किकीची सत्ता नाही. ओसोनोकडे जसा पाव आहे आणि पुढे भेटणाऱ्या एका चित्रकार मुलीकडे जसा कुंचला आहे, तसे किकीकडे उडणे आहे, आणि त्यातले थोडे ती गावाला देते. पहिल्याच मोठ्या कामात वाटेत तिच्या हातून खेळण्यातले काळे मांजर पडते, तेव्हा तिचा स्वतःचा मांजर, जीजी, पिंजऱ्यात खेळणे होऊन निमूट बसून राहतो. हरवलेले खेळणे रानात राहणाऱ्या चित्रकार मुलीला सापडलेले असते, आणि ते परत देताना ती किकी आणि जीजीचे चित्र काढू द्या म्हणते. दुसऱ्या एका प्रकरणात एक म्हातारी लोकरीचे पोटपट्टे विणत असते, कारण सगळ्या दुखण्यांचे मूळ पोट गार पडण्यात आहे यावर तिचा ठाम विश्वास आहे. बोटीवर कप्तान असलेल्या मुलाला ते पोहोचवायचे काम किकीवर येते. बोटीवर गेल्यावर त्या पट्ट्यांचा उपयोग आईच्या कल्पनेपेक्षा अगदी निराळ्या ठिकाणी होतो. तो इथे सांगून मजा घालवत नाही, पण ‘कान बांध’ म्हणून मागे लागणाऱ्या आजीच्या हाताखाली वाढलेली आमची मुलगी त्या पानावर पोट धरून हसली.

सर्वांत धीट प्रकरण किकीच्याच वयाच्या एका मुलीचे आहे. ती एका मुलासाठी भेटवस्तू आणि कविता किकीच्या हाती देते, आणि किकीला ती उघडून वाचण्याचा मोह आवरत नाही. नायिकेकडून असा विश्वासघात घडवून आणणे आणि तरीही वाचकाचा तिच्यावरचा लोभ कमी होऊ न देणे, हे सोपे नाही. कादोनो तिला कोणाकडून रागे भरवत नाहीत. कविता हातची निसटते आणि ती आठवून पुन्हा लिहिण्याची वेळ किकीवर येते. माझी मुलगी त्या रात्री बराच वेळ गप्प होती.

उणिवाही आहेत, आणि त्या सांगितल्या पाहिजेत. अकरा प्रकरणे एकमेकांना सैल धाग्याने बांधलेली आहेत. सलग कथानकाची ओढ लागलेल्या मुलाला मधली काही प्रकरणे रेंगाळल्यासारखी वाटतील, आणि नववर्षाच्या रात्री बुरुजावरचे घड्याळ बंद पडते त्या प्रकरणाची गाठ फार लवकर सुटते. उडण्याचे वेड असलेला चश्मेवाला तोंबो हा मुलगा मला हवा तेवढा भेटला नाही. किकी सोबत असली की मुलगी असल्यासारखे वाटत नाही म्हणून बरे वाटते, असे तो स्तुती म्हणून बोलून जातो आणि किकीला ते लागते. तेरा वर्षांच्या मनाची इतकी अचूक नोंद केल्यावर लेखिकेने त्याच्या मागे आणखी थोडे जायला हवे होते. जपानीत या मालिकेचे मुख्य सहा खंड आहेत, शेवटचा २००९ चा, आणि पुढे या दोघांचे लग्नही होते. पण पहिलाच खंड वाचणाऱ्याला तोंबो अर्धवट ओळखीचा राहतो. जाता जाता एक, ‘तोंबो’ म्हणजे चतुर, पावसाळा सरताना गवतावर भिरभिरतो तो. मोठ्या चश्म्यामुळे पडलेले हे टोपणनाव मराठीत आणणाऱ्या अनुवादकाच्या हाती भाषेने आयतेच दोन अर्थ ठेवले आहेत.

हायाओ मियाझाकी यांचा १९८९ चा चित्रपट अनेकांनी पाहिलेला असेल, म्हणून सांगते. चित्रपटात किकीची उडण्याची विद्या तिला सोडून जाते, आणि शेवटी हवाई जहाजाचा थरारक प्रसंग आहे. कादंबरीत यातले काहीच नाही. चित्रपट मोठ्या तोलाचा आहे, पण त्याला कळसाचा एक प्रसंग हवा होता, आणि पुस्तक ऋतूंच्या चालीने पुढे सरकते. ज्या मुलांनी आधी चित्रपट पाहिला आहे त्यांना ‘ते हवाई जहाज कधी येणार’ याची वाट पाहू देऊ नका, पहिल्या रात्रीच सांगून टाका. आणखी एक गंमत शीर्षकाची. मूळ नावातला ‘ताक्क्युबिन’ हा शब्द जपानमधल्या यामातो या सामान पोहोचवणाऱ्या कंपनीचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) आहे, आणि तिच्या चिन्हात पिल्लाला तोंडात धरून नेणारी काळी मांजर आहे. पुढे चित्रपटाला साहाय्य करणाऱ्यांत हीच कंपनी होती.

आठ ते बारा वर्षांच्या मुलांना हे पुस्तक द्यावे. इंग्रजी सोपे आहे, वाक्ये लहान आहेत, पण शक्य असेल तर ते हाती देऊन मोकळे होऊ नका, मोठ्याने वाचा. एका रात्री एक प्रकरण हे माप त्याला अगदी बेताचे बसते.

शेवटच्या प्रकरणात वर्ष पूर्ण होते आणि किकी माहेरी जाते. लहानपणी उडता उडता तंद्री लागून ती खाली येई, म्हणून गावातल्या उंच झाडांच्या शेंड्यांना घंटा बांधून ठेवलेल्या होत्या. पाय लागून घंटा वाजली की ती भानावर येई आणि गावाला कळे की किकी इथून गेली. घरी आल्यावर आईच्या हातचे जेवण, आपली खोली, सारे तसेच आहे, आणि तरी काही दिवसांतच तिला कोरिकोची, पिठाच्या कोठीची, फोनवर कोणी वाट पाहत असेल त्याची आठवण येऊ लागते. हे वाचून संपले तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. मुलीने पुस्तक मिटले, आणि सकाळी पाहिले तर आजीच्या पिशवीसोबत आलेली बैलांची जुनी घुंगरमाळ तिने गॅलरीच्या ग्रिलला, हात पोचेल तितक्या उंच, बांधून ठेवली होती.