गुडघ्याचं सेन्सर किट, काही महिन्यांच्या वापरानंतर: तक्रार मुख्यतः ‘शून्या’बद्दल

गुडघा किती वाकतो आणि व्यायाम किती झाला ते मोजणारं हे किट: मांडीला एक सेन्सर, नडगीला एक, पेशंटच्या फोनवर ॲप आणि डॉक्टरांसाठी डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे-आलेख दाखवणारा पडदा. गुडघेरोपणानंतर व्यायाम करून घेणाऱ्यांना बाकीचं माहीत असेलच, म्हणून थेट मुद्द्यावर.

हे किट शून्य चुकीचं धरतं. कॅलिब्रेशनला, म्हणजे मोजणीचा शून्य ठरवताना, ॲप म्हणतं ‘पाय सरळ ठेवा’, आणि त्या क्षणी दोन सेन्सरमध्ये जो कोन असेल त्यालाच शून्य मानतं. पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ होतो कुठे? समजा तो १० अंश वाकलेलाच राहतो. स्क्रीनवर दिसतं ० ते ८०, प्रत्यक्षात असतं १० ते ९०. वाकणं कमी दिसलं तर पेशंट फार तर जास्त जोर लावेल. सरळ न होणाऱ्या गुडघ्यापुढे मात्र हिरवी खूण येते, आणि याचीच चीड आहे. असा गुडघा घेऊन उभं राहताना मांडीच्या पुढच्या स्नायूला विसावाच मिळत नाही, चाल लंगडी होते. सुरुवातीला दुर्लक्ष झालं की हा ताठरपणा नंतर सहजी सुटत नाही.

तक्रार केली की कंपनीचं ठरलेलं उत्तर: पुन्हा कॅलिब्रेट करा. केलं, की पुन्हा तेच शून्य!

उपाय हातानेच करावा लागतो. पेशंटला उताणं झोपवून टाचेखाली टॉवेलची घडी ठेवायची, म्हणजे गुडघा जितका खाली जाऊ शकतो तितका जातो. गोनिओमीटरचं (सांध्याचा कोन मोजायचं दोन पट्ट्यांचं साधन) केंद्र गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर, एक पट्टी खुब्याच्या उंचवट्याकडे, दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. येईल तो कोन थेरपिस्टच्या सेटिंगमध्ये ‘ऑफसेट’ (ॲपच्या आकड्यात मिळवायचा फरक) म्हणून भरायचा. प्रत्येक कॅलिब्रेशन जुना ऑफसेट पुसतं, तेव्हा दर वेळी भरायचा. ॲप अपडेट झालं तरी एकदा बघून घ्यायचं.

बाकी दोष निभावून नेता येतात. मांडी खाली निमुळती होत जाते, त्यामुळे सूज उतरली की पट्टा घसरतो. सेन्सर मांडीच्या बाहेरच्या बाजूला आणि नडगीच्या सपाट हाडावर बांधला तर कमी हलतो. कुशीवर झोपून केलेल्या व्यायामाचे आकडे धरू नका. तिथे गुडघा आडव्या पातळीत वाकतो, सेन्सरला कोन दुरुस्त करायला गुरुत्वाकर्षणाच्या दिशेचा आधार मिळत नाही आणि जायरोस्कोपची (फिरण्याचा वेग मोजणारा भाग) चूक साचत जाते. लोखंडी पलंगाजवळ मॅग्नेटोमीटरही (चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ओळखणारा भाग) गडबडतो. बसवलेल्या सांध्याच्या धातूमुळे मात्र काही होत नाही, पेशंट हे हमखास विचारतात.

आता बदललेलं मत. व्यायामाची मोजणी आधी निव्वळ शोभेची वाटली होती; आज किटमधला सगळ्यात उपयोगी भाग तोच वाटतो. ओपीडीत सगळेच ‘करतो’ म्हणतात. नोंदीत आवर्तनं अचानक निम्म्यावर आली की फोन करून विचारता येतं: दुखतंय का, सूज वाढली का, पोटरी दुखते का? पोटरी दुखत-सुजत असेल तर रक्ताच्या गुठळीची शंका धरून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

सर्जन डॅशबोर्ड उघडत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही: वीस आलेख कोण बघणार? फॉलो-अपच्या कागदावर तीनच गोष्टी लिहा: गुडघा किती सरळ होतो, किती वाकतो, आठवड्यात किती दिवस व्यायाम झाला. पहिला आकडा गोनिओमीटरचाच लिहा. कॅलिब्रेशनच्या स्क्रीनवर ‘मोजलेला कोन भरा’ असा रकाना येत नाही, तोवर पुढच्या वर्षाची वर्गणी भरायची नाही.