आमच्या गावची नळपाणी योजना आणि तिची पाणी समिती : पाचपैकी साडेतीन तारे

सेवा : ग्रामपंचायतीची नळपाणी योजना आणि ती बघणारी ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती.
कधीपासून वापरते : घरात नळ आला तेव्हापासून, तीन वर्षं.
समितीत कधीपासून : दीड वर्ष प्रत्यक्ष. त्याआधीचं दीड वर्ष फक्त कागदावर, आणि तेही मला माहीत नव्हतं.

माण तालुक्यातलं आमचं गाव, नऊशेच्या आसपास वस्ती. मी घरीच ब्लाऊज शिवते. उन्हाळ्यात टँकर आला की मशीन बंद करून हंडा घेऊन पळायचं, हे सासरी आल्यापासून अंगवळणी पडलेलं. त्यामुळे जलजीवन मिशनमधून दारात नळ आला, तेव्हा मी पहिल्या कळशीला हळद-कुंकू वाहिलं होतं. आजही पाणी सुटलं की मन भरून येतं. तक्रारी पुढे लिहिणार आहेच, पण ज्यांनी योजना आणली, चारी खोदली, लाईन टाकली, त्यांचे उपकार आहेत हे आधी सांगते.

आमच्या विहिरीवरून पाणी ५०,००० लिटरच्या उंच टाकीत चढतं आणि तिथून चार व्हॉल्व्हवर वाटलं जातं. माणशी रोज ५५ लिटर हा सरकारचा हिशेब. ९०० माणसांना ४९,५०० लिटर, म्हणजे टाकी रोज एकदा भरली की गावाला पुरायला पाहिजे. माझं घर मारुतीच्या देवळाजवळ, दुसऱ्या व्हॉल्व्हवर. पाणी बरं यायचं. म्हणून पहिलं दीड वर्ष मला कोणी विचारलं असतं, तर मी योजनेला पाचपैकी पाच दिले असते. आपल्या नळाला पाणी आहे म्हणजे गावाला आहे, अशी माझी समजूत होती.

मग एकदा रहिवासी दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत गेले. टेबलावर पाणी समितीची फाईल उघडी होती. सहज नजर गेली तर सातव्या नंबरला माझं नाव. नावापुढे सही. सही माझी नव्हती.

यादी पुन्हा पुन्हा वाचली. नियमात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. समितीत १० ते १५ माणसं असावीत, निम्म्या बायका असाव्यात, पंचायतीचे निवडून आलेले सदस्य पाव हिश्श्यापर्यंत असावेत, दुर्बल घटकांना त्यांच्या वस्तीच्या प्रमाणात जागा असावी. आमच्या यादीत बारा जण, त्यात सहा बायका. आकडा बरोब्बर. पण त्या सहांपैकी एक लग्न होऊन फलटणला गेलेली, दोघींच्या वतीने त्यांचे मालक बैठकीला जाऊन येत होते, आणि उरलेल्या आम्हा तिघींना तर आपण समितीत आहोत याचा पत्ताच नव्हता.

घरी येऊन चिडचिड केली. सासूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी जलस्वराज्यचं काम पाहिलेलं. २००३ नंतर जागतिक बँकेच्या मदतीने राज्यात तो प्रकल्प आला, तेव्हा पाणी समितीबरोबर गावोगाव महिला विकास समित्याही केल्या होत्या, त्यातल्या एकीत त्या होत्या. तेव्हा नावं भर ग्रामसभेत पुकारली होती, ज्याचं नाव घेतलं त्याला उभं केलं होतं, असं त्या सांगतात. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाव हाय न्हवं कागदात? मग रडतीस कशापायी? जाऊन बस की बैठकीला."

गेले. पण नुसतं बसून काय बोलायचं? आधी गावात काय चाललंय ते बघावं म्हणून एक काम केलं, आणि सगळ्या प्रकरणात मला सर्वांत उपयोगी तेच वाटतं. १५ लिटरची बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ घेऊन पाणी सुटल्यावर चारही व्हॉल्व्हवर फिरले. एका दिवसात जमत नाही, चार दिवस लागले. वरच्या आळीत बादली ४० सेकंदांत भरली. माझ्याकडे एक मिनिटाच्या आत. शाळेजवळ दीड मिनिट. आणि ओढ्याकडच्या वस्तीत, चौथ्या व्हॉल्व्हच्या अगदी टोकाच्या घरी, चार मिनिटं. तिथल्या काकू बादलीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या, मी घड्याळाकडे. पाणी पाऊण तास असतं. म्हणजे वरच्या आळीत हजार लिटर आणि काकूंच्या घरी अकरा बादल्या, १६५ लिटर. घरात माणसं सहा. त्यांच्या वाट्याला यायला हवं ३३०. नेमकं निम्मं. वरच्या आळीत बॅरल भरून पाणी गटारात जातं, मग परडं भिजवलं जातं. ती माणसं वाईट नाहीत. त्यांना खालचं दिसतच नाही, जसं मला दिसत नव्हतं.

यादीतले सगळे जण कुठे राहतात तेही पाहिलं. बारापैकी नऊ जण पहिल्या दोन व्हॉल्व्हवरचे. चौथ्यावरचं कोणीही नाही. नावं वॉर्डाप्रमाणे घेतली होती, पण वॉर्ड मतांसाठी पाडलेला आणि व्हॉल्व्ह पाण्याच्या उतारासाठी. दोन नंबर वॉर्डातली वरची घरं पहिल्या व्हॉल्व्हवर आहेत आणि खालची चौथ्यावर. वॉर्डाचा माणूस घेतला तर तो वरच्याच घरातला निघतो.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. आदल्या दिवशी महिला सभेत बायकांना आकडे वाचून दाखवले होते, त्यामुळे मागे पंचवीस-तीस जणी होत्या, नाहीतर माझे पाय लटपटले असते. मागणी एवढीच होती की समिती नव्याने करा आणि व्हॉल्व्हप्रमाणे करा. प्रत्येक व्हॉल्व्हवरचे तीन, त्यात दोन बायका, आणि तिघांतला एक जण लाईनीच्या शेवटच्या चार-पाच घरांतला. वाद झाला. एक नाना म्हणाले, असं कुठे असतं का? भावकीतला एकेक घ्या. मी बादलीचा कागद वाचला. सरपंच दादांनी तो हातात घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाले, चौथ्या व्हॉल्व्हवरचे इथे कोण कोण आहेत, हात वर करा. हात वर झाले, आणि त्यातूनच नावं ठरली. बारा सभासद, वर सरपंच आणि सचिव म्हणून ग्रामसेवक. पंचायतीच्या सदस्यांची संख्या आणि राखीव जागा त्यात बसवायला अर्धा तास गेला, पण बसल्या. या वेळी ज्याचं नाव त्यानेच उभं राहून हो म्हटलं आणि तिथल्या तिथे सही केली.

नवी समिती काय कामाची, हे पहिल्याच पावसात कळलं. योजनेत दर गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवतात. आमच्याकडे तपासणीचं किट आलं होतं, ते कपाटात होतं. ते बाहेर काढलं. त्यात एच टू एसच्या छोट्या बाटल्या असतात. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि २४ ते ४८ तास ठेवून द्यायचं. पाण्यात घाण मिसळली असेल तर बाटली काळी पडते. आम्ही दोन भरल्या, एक टाकीजवळच्या नळाची आणि एक काकूंच्या नळाची. माझ्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीची बाटली होती तशीच होती. काकूंची काजळासारखी काळी. मी ती खिडकीपाशी उजेडात धरली, पलीकडचं काही दिसेना. हेच पाणी त्यांची नातवंडं पीत होती. त्या महिन्यात वस्तीत तिघांना जुलाब झाले होते, आणि आपण म्हणत होतो की पावसाळ्यात व्हायचंच.

टाकी स्वच्छ आणि टोक काळं, म्हणजे दोष मध्ये कुठेतरी. आधीची समिती असती तर टीसीएल, म्हणजे पाण्यात टाकायची ब्लिचिंग पावडर, वाढवा म्हणून सांगून विषय संपला असता. नव्या समितीतल्या चौथ्या व्हॉल्व्हवरच्या वहिनींना मात्र ठाऊक होतं की ओढ्याच्या अलीकडे लाईन गटाराखालून जाते आणि पाणी सुटलं की तिथे बुडबुडे येतात. त्या रोज तिथून जनावरं नेतात. खोदलं तर जोड निसटलेला. पाणी चालू असताना लाईनीतून बाहेर गळायचं. बंद झालं की लाईन रिकामी होऊन गटाराचं पाणी आत ओढायची. दुसऱ्या दिवशी तेच सगळ्यात आधी काकूंच्या हंड्यात. आमच्याकडे दिवसाला पाऊण तास पाणी असतं आणि सव्वातेवीस तास लाईन रिकामी, हे तेव्हा पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं. जोड बदलायला एक दिवस लागला. तो शोधायला गेली ती दीड वर्षं.

टीसीएलचंही सांगते. पोतं उघडंच पडलेलं असायचं. ओल लागली की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि टाकीत नुसती पांढरी भुकटी पडते. आता डब्यात झाकून ठेवतात. १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे भरल्या टाकीला पाव किलो, असं मोजून टाकतात. आणि पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची ओटीची चाचणी टाकीशी न करता काकूंच्या नळाला करतात. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन टोकापर्यंत पोचला.

पाणी सोडण्याचा क्रमही बदलला. आधी चौथा व्हॉल्व्ह, मग तिसरा, असं खालून वर. पहिला व्हॉल्व्ह दोन आटे कमी उघडतात. पाणी सोडणाऱ्या दादांना हे लिहून दिलंय, कारण त्यांच्यावर वरच्या आळीतून दबाव येतो आणि कागद दाखवला की त्यांची सुटका होते. पाणीपट्टीचा हिशेब, मोटारीचं वीजबिल, दुरुस्ती, सगळं महिन्याला फळ्यावर लिहिलं जातं. तेव्हापासून थकबाकी मागायला गेलं की लोक तोंड लपवत नाहीत.

आता दीड तारा का कापला ते.

टुल्लू मोटारी. नळाला थेट मोटार लावून पाणी ओढणारी घरं अजून सहा-सात आहेत. समितीने ठराव केला, नोटिसा दिल्या, पण नळ तोडायची वेळ आली की हात थांबतो, कारण मोटार कोणाच्या तरी चुलत्याची असते. एक माझ्या नणंदेच्या घरीही होती. ती मी स्वतः जाऊन काढायला लावली. चार महिने आमचं बोलणं बंद होतं.

किटमधली रसायनं. संपली की मागणी अर्ज द्यायचा आणि वाट बघायची. मागच्या वर्षी ऐन श्रावणात बाटल्या नव्हत्या आणि ज्या कार्यालयातून यायच्या तिथे आम्ही तीन खेपा घातल्या. बायकांना शिकवून तयार करायचं आणि हातात बाटली द्यायची नाही, हे मला पटत नाही.

बैठकीची वेळ संध्याकाळी सातची होती. चुलीच्या वेळेला कोणती बाई येणार? दुपारी दोनची करून घेतली. त्यात मजुरीला जाणाऱ्या दोघींचा अर्धा रोज बुडतो आणि त्याचं काही करता आलेलं नाही.

सगळ्यात जास्त लागतं ते पुढचं. चौथ्या व्हॉल्व्हवरच्या तिघांपैकी दोघांची घरं ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमाराला कोयते बांधून कोल्हापूर-सांगलीकडे निघतात ते उन्हाळा लागल्यावर परत. एवढे महिने त्यांच्या खुर्च्या रिकाम्या. आणि गेल्या हंगामात नेमकं त्याच काळात कोणीतरी गुपचूप क्रम बदलून पाणी पुन्हा वरून सोडायला सुरुवात केली होती. मागे राहिलेल्या काकू एकट्या काय बोलणार? म्हणून दोन बदली सभासद आत्ताच नेमावेत, तेही त्याच वस्तीत मागे राहणाऱ्यांतले, असा अर्ज मी दिलाय. १ मेच्या ग्रामसभेत तो मांडायचा आहे.

तुमच्या गावात समिती नव्याने होणार असेल तर नावं घ्यायच्या आधी बादली घेऊन फिरा, एवढंच सुचवते. कोणाला घ्यायचं ते त्यातून आपोआप कळतं.

परवा रविवारी पुन्हा मोजलं. काकूंच्या नळाला बादली भरायला १ मिनिट ५० सेकंद. पाऊण तासात चोवीस बादल्या, ३६० लिटर. सहा माणसांना पुरून थोडं उरतं. सोमवारी पलीकडच्या घरात मोटार लागली आणि तीच बादली तीन मिनिटांवर गेली. कागदावर दोन्ही आकडे लिहिलेत, खाली काकूंची सही आहे, आणि तो कागद अर्जाला जोडलाय.