एकेकटी शहाणी, एकत्र भांडखोर: दुसरी रॅम टाकून आठ महिने

आठ जीबी रॅम पुरेना म्हणून आणखी आठ जीबीची स्टिक घेतली. जुनीसारखीच डीडीआर४ पिढीची, खोक्यावर वेगही तोच, ३२००. कंपनी तेवढी वेगळी. खट्कन बसली, विंडोजने सोळा जीबी दाखवले, मी खूश.

तीन आठवडे सगळं सुरळीत. मग ब्राउझरचे टॅब आपोआप कोसळायला लागले. एकदा निळा पडदा आला, त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’. मी खापर विंडोजवर फोडलं, फॉरमॅट मारला, ड्रायव्हर बदलले, मग एसएसडीवर संशय घेतला. दोन महिने यातच गेले. डोळे उघडले ते एका झिप फाइलने. उघडताना सीआरसी एरर, म्हणजे डेटा पडताळणीत जुळत नाही अशी तक्रार; तीच फाइल लगेच पुन्हा उघडली तर बिनतक्रार उघडली. डिस्कवरची फाइल तर बदललेली नव्हती! म्हणजे संशय रॅमवर.

मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवला. सकाळी स्क्रीनभर लाल ओळी. मग एकेक स्टिक वेगळी तपासली, तर दोन्ही निर्दोष. तपासणीच्या चार-चार फेऱ्या, एरर शून्य. पुन्हा जोडीने लावल्या की लाल ओळी हजर.

उत्तर स्टिकवरच्या बारीक अक्षरांत होतं. जुनी ३२०० ला पळते ती एक्सएमपी प्रोफाइलवर (कंपनीने स्टिकमध्ये भरून दिलेली जास्त वेगाची सेटिंग), सीएल१६ आणि १.३५ व्होल्टने. सीएल म्हणजे डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतचे ठोके; आकडा लहान तितकी घाई. नवी साध्या १.२ व्होल्टवर, सीएल२२ ची. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी आधीपासून चालू होतं, त्यामुळे बोर्डाने जुनीचं टायमिंग नवीच्याही गळ्यात मारलं आणि ते तिला झेपेना. एकटी असताना ती आपल्या चालीने चालायची, म्हणून टेस्टमध्ये पास. खोक्यावर ३२०० केवढ्या टायपात आणि सीएल मात्र भिंग घेऊन शोधायचा, हा चावटपणा आहे.

एक्सएमपी बंद केलं. आता दोन्ही २६६६ वर चालतात. मेमटेस्ट स्वच्छ, पाच महिन्यांत एकही निळा पडदा नाही. गेममध्ये थोडे फ्रेम कमी पडतात, बाकी फरक जाणवत नाही. स्टिकला चार तारे. ती बिचारी बरोबरच होती. पुढच्या वेळी मात्र एकत्र तपासलेला दोन स्टिकचा संचच घेणार.

त्या दोन महिन्यांत कॅमेऱ्यातून कॉपी केलेल्या फोटोंपैकी अकरांचे रंग मध्यापासून खाली सरकलेत. मेमरी कार्ड मी तेव्हाच पुसलं होतं.