ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: घटलेल्या ॲव्हरेजचा छडा लावताना

आमच्या दहा वर्षांच्या पेट्रोल हॅचबॅकचे ॲव्हरेज दिवाळीनंतर लिटरला १७ किलोमीटरवरून एकदम १३ वर आले. एकाच पंपावर, ऑटोकटपर्यंत टाकी भरून दोनदा मोजले, तरी आकडा तोच. टायरमधील हवा बरोबर होती, आणि गाडी फिरवून आणल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला, तर एकही चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले नव्हते. म्हणजे ब्रेकही चाकांना अडकून राहत नव्हते. सर्व्हिस सेंटरने एअर फिल्टर आणि प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली. फरक पडला तो फक्त खिशाला.

तेव्हा गाडीच्या अंतर्गत तपासणी यंत्रणेतील (ओबीडी) माहिती वाचणारा हा स्कॅनर मागवला. स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये तो बसतो आणि मोबाइलला जोडला जातो. जाहिरातीत ज्याचा गाजावाजा असतो, ते फॉल्ट कोड (गाडीने नोंदवलेले बिघाडाचे संकेतांक) वाचण्याचे काम माझ्या उपयोगी पडले नाही, कारण कोड एकही नव्हता. कामी आले ते चालत्या गाडीतील आकडे. साताऱ्याहून पुण्याकडे येताना अर्धा तास झाला तरी कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान ६८ अंशांच्या वर सरकेना आणि खंबाटकीचा बोगदा ओलांडून उतार लागताच ते ६१ वर घसरले. एरवी ते ९०च्या आसपास स्थिर राहायला हवे. इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. त्यामुळे कूलंट सतत रेडिएटरमधून फिरत राही, इंजिन पुरेसे तापत नसे आणि ईसीयू (इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक) त्याला थंड समजून पेट्रोल जास्त सोडी. आमच्या गाडीत तापमानाचा काटाच नाही. निळा दिवा विझला की इंजिन तापले, असे आम्ही इतके दिवस धरून चाललो होतो.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने व्हॉल्व्ह बदलला, नवे कूलंट भरले, आणि पुढच्या टाकीला ॲव्हरेज पुन्हा १७ झाले.

यंत्राचे दोषही सांगतो. ॲपमध्ये दिसणारे ॲव्हरेज अंदाजपंचे असते, त्यावर विसंबू नये. गाडी उभी असताना स्कॅनर सॉकेटमध्येच राहिला, तर बॅटरी हळूहळू उतरते. शिवाय तो इतका पुढे येतो की क्लच दाबताना माझा गुडघा दर वेळी त्यावर आपटतो.